घासू द्या तिला

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. भेडाघाटला नदीच्या पायऱ्यांवर, मी बसल्या जागेजवळच, त्या शाळेच्या मुली घेऊन आल्या होत्या. पदर खोचलेला, चपला हातात.

"हे खडक पांढरे काहून?" समोरच्या संगमरवरी कड्यांकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

"नर्मदेनं धुतले म्हणून," एक मुलगी म्हणाली. बाकीच्या खिदळल्या.

बाईंनी एक काळा दगड उचलून तिच्या हातात दिला. "धुऊन पाहा बरं."

ती मन लावून दगड घासू लागली. सोबतचे सर वैतागले. "मॅडम, उत्तर सांगून टाका ना! उशीर होऊन राहिला."

"सांगितलं तर लिहून घेईल अन् विसरेल. घासू द्या तिला."

दगड काळाच राहिला. मुलगी हिरमुसली नाही. "बाई, फोडून पाहू? आतून पांढरा असला तर?"

बाईंचा चेहरा असा फुलला, की मलाही तिथून उठवेना. खिदळणाऱ्या मुली फोडायला मोठा दगड शोधत पांगल्या. थोड्या वेळानं सरही वाकून शोधू लागले.