कितव्या पानावर?

मेलेल्या थोर माणसांची इतकी काळजी वाहणारा माणूस उदगिरात दुसरा झाला नाही. आमच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, थोरांच्या तोंडी कुणी भलतंच वाक्य घातलं की घासात खडा आल्यासारखे कळवळत. वक्ता रंगात येऊन "त्यांनी म्हटलंच आहे" म्हणाला, की शेवटच्या रांगेतून शांत आवाज येई, "साहेब, कितव्या पानावर हाय?" एका लग्नात त्यांनी अक्षता पडताच वधूपित्याला पत्रिकेवरच्या सुविचारासाठी गाठलं. "काका, छापखानेवाल्यानं फुकट टाकलाय हो!" "मग त्यालाच इचारतो," म्हणत काका न जेवता निघाले. घरी त्यांच्याकडे अशा वाक्यांच्या कार्डांचे दोन खण होते, 'सापडले' आणि 'बेवारस'. पहिला रिकामा खडखडायचा. दुसरा भरून अडकायचा.

एका दुपारी मी त्यांना बसस्थानकाच्या भिंतीवरल्या वाक्याचं विचारलं. "दारू एकटा पितो, शुद्ध हरपते साऱ्या घराची." खाली एका थोर पुरुषाचं नाव. दारूबंदीचं कुठलंही भाषण या वाक्याशिवाय होत नाही. काकांनी चष्मा काढून पुसला.

"त्यांच्या एकाही खंडात न्हाई. असणार कसं? त्यांच्या नावावर मीच घातलं."

कंधारकडच्या एका गावात काकांची थोरली बहीण, अक्का, दिलेली. नवरा दारूनं गेलेला. गावातलं दुकान बंद करायला बायकांचं मतदान ठरलं होतं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. त्याआधीच्या बैठकीत, कधी न बोलणारी अक्का उठून म्हणाली, "पितंय एकटं, अन् शुद्ध जाती समद्या घराची." काकांनी लगेच गेरूनं ते शाळेच्या भिंतीवर लिहिलं आणि खाली तिचं नाव घालू लागले.

"येडा हाईस का?" अक्कानं हात धरला. "माझं नाव वाचून कोण बाई घराबाहेर पडंल? एखाद्या मोठ्या माणसाचं घाल."

त्यांनी घातलं. बाटली आडवी झाली. वाक्य मात्र गावात थांबलं नाही. वाटेत भाषा शुद्ध करून घेत ते भिंतींवर, कॅलेंडरांवर गेलं.

"अक्का गेली," काका म्हणाले. "तिचं म्हणून एवढं एकच वाक्य होतं, तेबी मी दुसऱ्याला देऊन बसलो." मग त्यांनी कितीतरी जणांना पत्रं लिहिली. दुरुस्ती करा, हे वाक्य माझ्या बहिणीचं. एकाचंच उत्तर आलं: 'आपल्या बहिणीचे हे वाक्य कोणत्या ग्रंथात, कितव्या पानावर आहे?' ते वाचून काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. त्या दुपारी त्यांनी अक्काचं कार्ड मला दिलं. 'बेवारस' शिक्क्याचं.

गेल्या महिन्यात वाचनालयात काकांची शोकसभा झाली. अध्यक्षांनी त्यांच्या निर्व्यसनीपणाचं कौतुक केलं आणि त्या थोर पुरुषाचं नाव घेऊन नेमकं तेच वाक्य म्हटलं. मी सभेत कधी बोलत नाही. शेवटच्या रांगेत उभा राहिलो.

"साहेब, कितव्या पानावर आहे?"

लोक हसले. मी खिशातलं अक्काचं कार्ड काढून वाचलं: रुक्मिणबाई, तालुका कंधार.

बसस्थानकाची भिंत अजून तशीच आहे. कार्ड मात्र मी त्यांच्या घरी जाऊन 'सापडले'च्या खणात ठेवलं. खण लावताना तो नेहमीसारखाच खडखडला, आणि मी उगाच मागे वळून पाहिलं.