कडक भाकरीचा निरोप

माझा मित्र निवृत्ती गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेला निघालो होतो आणि, लिहायला लाज वाटते, मोठ्या खुशीत होतो. आदल्या दिवशी दुपारी इथे सोलापुरात, भवानी पेठेत त्याच्या घरी जाऊन आलो होतो. तीन आठवडे पेजेपलीकडे काही न घेतलेल्या माणसाने बायकोला कडक भाकऱ्या करायला लावल्या होत्या. वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या, घरभर खरपूस वास सुटला होता. भूक लागली म्हणजे दुखणं हटलं, असं मी तिथेच जाहीर करून टाकलं. वहिनींना हायसं वाटलं. निवृत्ती मात्र माझ्याकडे बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, डबाभर करायला सांगितल्यात. जाताना एक घेऊन जा." मी घेतली, कागदात गुंडाळली आणि घरी आलो. तो काय म्हणाला होता ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या बोलण्याचा अर्थ जाणणारा त्याच्या मित्रांत मी एकटाच होतो, आणि मलाच तो कळला नाही.

आम्ही दोघेही सोलापूरचे, पण ओळख झाली ती विलायतेत, लँकेशायरमधल्या एका गिरणीच्या गावात. मी शिक्षकाचं शिक्षण घ्यायला गेलो होतो, तो सूत रंगवायचं शास्त्र शिकायला. मी इंग्रजी पुस्तकांवर पोसलेला, कारकुनाचा मुलगा. त्याचे वडील मोहोळकडचे शेतकरी. ते वारल्यावर आई दोन्ही मुलांना घेऊन सोलापुरात आली आणि थोरला शंकर गिरणीला लागला. निवृत्ती अभ्यासात हुशार, म्हणून कुणा भल्या माणसाने त्याला विलायतेला पाठवलं. एकाच घरात शेजारच्या खोल्या मिळाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्याने माझं नाव 'मास्तर' ठेवलं, कारण तो बोलायचा त्यातला दर तिसरा शब्द मी सुधारायचो. तो हसायचा आणि पुन्हा तसंच बोलायचा.

त्याने घरून पोतंभर ज्वारीचं पीठ आणलं होतं. बोटीच्या प्रवासात त्याची विरी गेली, थापायला घेतलं की भाकरी हातातच फाटायची. मग तो आधणाच्या पाण्यात पीठ मळायचा, दुधाच्या बाटलीने लाटायचा आणि गॅसच्या शेगडीवर भाजायचा. कॉलेजातून मागून आणलेल्या खलात शेंगदाणे आणि तिखट कुटायचा. त्या खलात पूर्वी कुठला रंग घोटला होता कोण जाणे, चटणी कधीकधी जरा जास्तच लाल वाटायची. उकडलेल्या बटाट्यांना विटलेले आम्ही ती जिभेला चटका बसेपर्यंत खायचो... त्या बर्फाळ गावात तेवढी एक खोली सोलापुरात असल्यासारखी वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात घरमालकीणबाईंनी एका सकाळी वर्तमानपत्र आमच्यापुढे ठेवलं. कोपऱ्यात चार ओळी होत्या. सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. तुमचंच गाव ना, एवढंच त्यांनी विचारलं. त्यांच्या नवऱ्याचे माग बंद पडले होते, आणि ते हिंदुस्थानात विलायती कापड कुणी घेईना म्हणून, असं गावात सगळेच म्हणत. त्या दिवसापासून तो माणूस आम्ही जिन्यावर दिसलो की थांबायचा, आम्ही वर जाईपर्यंत हलायचा नाही. कधी एक शब्द बोलला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. निवृत्तीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो टपालाची वाट बघत होता.

टपाल यायला बरेच दिवस लागले. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. आईला लिहिता येत नसे, ती सांगायची आणि शंकर लिहायचा. मजकूर इतकाच होता: 'हितं समदं ठीक हाय. कडक भाकऱ्या डबाभर करून ठिवल्यात. तू शिक. येऊ नगं.' मी वाचून मोकळा श्वास घेतला. म्हटलं, चला, घरी खाण्यापिण्याची चंगळ आहे, तुलाही पार्सल येईल.

त्याने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "मास्तर, कडक भाकरी आमच्यात हौसेनं न्हाय करत. बाकीच्यांचं म्हाईत न्हाय, पर आमची आय मानूस घरातनं निघायचं असलं की करती. प्लेगात गाव सोडलं तवा केल्या. बाप गेल्यावर मोहोळ सोडलं तवा केल्या." मग म्हणाला, "आन् हे अक्षर शंकरचं न्हाय."

आता मला अर्थ लागला. कुणीतरी घर सोडून गेलं होतं किंवा कुणाला तरी नेलं होतं. तिऱ्हाइताने फोडलेल्या पाकिटातून म्हातारीने ते मुलाला बरोबर कळवलं होतं.

त्याच दुपारी त्याने पोत्याच्या तळाचं कडवटलेलं सगळं पीठ मळायला घेतलं. भाकऱ्या मंद आचेवर वाळवत राहिला, कडा वर वळेपर्यंत. घरमालकीणबाईंनी दारातून विचारलं, एवढं कुणासाठी? प्रवासासाठी, तो म्हणाला. कोण जाणार आहे? तो पुढची भाकरी लाटायला लागला. त्याला उठून घरी जायचं होतं आणि आईने येऊ नको म्हटलं होतं. पुढचं पत्र येईपर्यंत आम्ही त्या कडू भाकऱ्या मोडून खाल्ल्या. मार्शल लॉमध्ये शंकरला धरून सक्तमजुरी दिल्याचं त्या पत्रात होतं. तो सुटून आला, पण गिरणीत उभा राहण्याइतका पुन्हा बरा झाला नाही, आणि निवृत्ती परतल्यानंतर वर्षभरात शंकर वारला. निवृत्ती इथल्या एका गिरणीच्या रंगखात्यात लागला. त्या वाफेतच त्याला खोकला जडला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

मी शाळेत मुलांना इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगतो. चुकले तर रागावतोही. आणि माझ्या मित्राने स्वतःच्या घरातला, मला समजावून दिलेला शब्द माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी भूक समजून खुशीत घरी आलो. दोनदा तीच चूक. पहिल्या वेळी त्याने अर्थ सांगितला. दुसऱ्या वेळी वहिनी समोर होत्या, म्हणून तो नुसता बघत राहिला. मी तिथे थांबायला हवं होतं. त्याचा हात धरून बसायला हवं होतं.

ती भाकरी मी खाल्ली नाही. पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. परवा पत्नीने विचारलं, हिचं काय करायचं? मी डबा परत फळीवर ठेवला. झाकण उघडलं की वास अजून येतो, तोच, खरपूस. नीट वाळवली तर कडक भाकरी महिनाभर टिकते, असं निवृत्ती सांगायचा. येत्या गुरुवारी महिना होईल.