मोरीचं पाणी आणि रेडिओची घरघर

१९७२ सालच्या नोव्हेंबरातला एक रविवार. अंदाज बारा रुपयांचा. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि नगरहून बोलावलेला वायरमन. बारा रुपये नव्या अर्थिंगचे, म्हणजे रेडिओची तार जमिनीत ज्याला जोडतात त्या तांब्याच्या पत्र्याचे आणि मजुरीचे.

बुधवारी दुपारी रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात बायकोने म्हटलेल्या ओव्या लागणार होत्या. पुण्याला जाऊन तिने त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. स्वतःचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, आणि कार्यक्रम पुन्हा लागणार नव्हता. पण दसऱ्यापासून शेजारची पिठाची गिरणी चालू झाली की आमच्या रेडिओत नुसती घरघर. दुष्काळी कामावरच्या बायका दुपारच्या सुट्टीत दळण घेऊन रांगेत उभ्या असत. गिरणी थांबवा म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं.

वायरमन आधी एरियलची तार बघायला छपरावर चढला.

"दादा, एरियल गिरनीच्या लायनीला चिकटून नेलीया. ती गुरगुरनार अन् ही समदं ऐकनार!"

त्याने एरियल छपराच्या दुसऱ्या टोकाला नेली. घरघर निम्मी झाली. मग त्याने मोरीमागचं जुनं अर्थिंग उकरलं. पत्र्याभोवतीची माती राखेसारखी कोरडी.

"मोरीचं पानी हितंच मुरायचं ना? गेलं कुठं?"

दसऱ्यापासून ते पाणी मीच धरून लिंबाच्या झाडाला घालत होतो. रोज सहा बादल्या, वहीत नोंद करून. मी तसं सांगितलं.

"रोज वाचून दाखवायचे मला," बायको म्हणाली. "आता बुधवारी त्या लिंबालाच गायला सांगा."

"वैनी, पत्रा चांगला हाय, तहानलाय नुसता. नवा घातला तरी कोरड्या मातीत त्यो बी आसाच बोंबलंल."

त्या दिवशीचं पाणी सकाळीच लिंबाला गेलं होतं. पाण्याच्या गाडीवाल्याकडून दोन हंडे विकत घेतले. ओल टिकावी म्हणून कोळसा आणि मीठ घालून खड्डा भिजवला, आणि तेव्हापासून मोरीचं निम्मं पाणी तिथेच सोडलं.

बुधवारी गिरणी चालूच होती. रेडिओत मागे बारीकशी गुणगुण राहिली, पण शब्द न् शब्द कळत होता. पहिली ओवी संपेपर्यंत बायको हलली नाही.

"मी अशी गाते होय?" ती म्हणाली. आणि लगेच, "अहो, आवाज वाढवा की!"

वायरमनने एरियल हलवण्याचे तीन रुपये घेतले. पाण्याचे पन्नास पैसे गाडीवाल्याला दिले.