एका फिटिंगसाठी दोन गाड्या

आमच्या घरात गाडी मी चालवते. यांना गाडी येत नाही, आणि येत नाही याचं यांना कधी वाईटही वाटलं नाही. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत असताना, पंचेचाळीशी उलटल्यावर मी गाडी शिकले. ज्या गाडीवर शिकले तीच अजून आमच्या दारात उभी असते. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं. मीही निवृत्त झाले. गाडीला निवृत्त करायचं मात्र आम्हाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना, एका सकाळी श्रीगोंद्यातल्या चौकात मी डावीकडे वळायला गेले आणि स्टिअरिंग वळेना. अगदीच वळत नव्हतं असं नाही, पण ओलं धान्य घातलेल्या जात्यासारखं फिरत होतं. समोर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट, मागे एसटी. मी यांना म्हटलं, "तुमच्या बाजूनं खाली ओढा." यांनी मांडीवरची भाजीची पिशवी पायाशी ठेवली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं आणि जीव खाऊन वर ढकललं. मी डावीकडे, हे उजवीकडे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण आमचा इतका उघड सामना चौकात कधी झाला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यानं आमची ओढाताण पाहिली. मग इंजिन बंद करून तो खाली उतरला, माझ्या खिडकीतून हात आत घातला आणि स्टिअरिंग फिरवून दिलं. "जावा आता काकू," एवढंच म्हणाला आणि परत ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

आमच्या मिस्त्रींनी गाडीखाली घुसून पाहिलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे मला ते अगदी उठून नमस्कार करतात. पण गाडीचं बोलायचं झालं की त्यांचं तोंड आपोआप यांच्याकडे वळतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये एक पंप असतो, तो तेलाच्या दाबानं आपल्या हाताला मदत करतो, त्या तेलाच्या पाईपाला जोडणारं फिटिंग गेलंय, हे सगळं त्यांनी यांना समजावलं. हे गंभीरपणे मान डोलवत होते. यांचा मान डोलवण्याचा वेग पाहून मिस्त्री आणखी बारीकसारीक सांगत सुटले. घरी जाताना मी विचारलं, काय म्हणाले ते? हे म्हणाले, "तेल लागतंय."

ते फिटिंग म्हणजे बोटाएवढा पोकळ लोखंडी तुकडा. मध्ये पाना बसावा म्हणून सहा कडा, दोन्ही टोकांना आटे, आणि दोन टोकांचे आटे दोन वेगळ्या मापांचे. आमच्या तुकड्याचे एका बाजूचे आटे पार झिजले होते. मिस्त्रींनी त्याला भेगा बुजवायची लांबी लावून पाहिली, ती गावाची वेस ओलांडायच्या आत सुटली. शेवटी त्यांनी पंपाचा पट्टाच काढून ठेवला आणि यांना म्हणाले, "साहेब, हाताच्या जोरावर चालंल गाडी. पर हे फिटिंग काय आता भेटायचं न्हाई. कंपनीनं बंद केलंय." मग माझ्याकडे पाहून जरा हळू आवाजात, "बाई, तुमी रिक्षानं जात जावा."

रिक्षानं जायचं नाही हे मी त्याच क्षणी ठरवलं.

पुढचे दोन महिने तो तुकडा माझ्या पर्समध्ये होता. आधी रुमालात, मग रुमालाला तेल लागल्यावर एका जुन्या चटणीच्या डब्यात. नगरला जाऊन मी सगळी स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. एकानं कॉम्प्युटरमध्ये नंबर टाकला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि गाडीचं वय विचारलं. दुसऱ्यानं डबा उघडला आणि वास घेऊन सांगितलं की हे लसणाचं तेल आहे. तिसऱ्यानं खात्रीनं एक फिटिंग दिलं. मिस्त्रींनी ते लावायला घेतलं तर एक टोक बसलं आणि दुसरं त्याच्याहून दुप्पट जाड. सगळीकडे दुकानदार बोलत यांच्याशी. एका ठिकाणी तर मला बसायला खुर्ची दिली आणि यांना आत गोदामात नेऊन माल दाखवला. हे बाहेर आले ते हातात काच पुसायचं फडकं घेऊन. फुकट दिलं म्हणाले.

शेवटी कुणीतरी नगरच्याच भंगाराच्या बाजारात जायला सांगितलं. तिथे चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना जिल्ह्यातल्या जुन्या गाड्या माणसांसारख्या पाठ होत्या. त्यांनी तुकडा हातात घेतला नाही, नुसता दुरून पाहिला. "आसल्या गाड्या आता दोनच राह्यल्यात," ते म्हणाले. "एक तुमची. दुसरी खर्ड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांची. ती तीन वर्सं झाडाखाली उभी हाय." त्यांनी नंबर दिला.

मी त्याच दिवशी फोन लावला. डॉक्टर निवृत्त झालेले, आवाज मोठा आणि मोकळा. गाडीबद्दल बोलायचंय म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. या, जेवायलाच या, म्हणाले. आणि दोनदा बजावलं की येताना गाडी घेऊन या. एसटीनं नको, गाडीच आणा. मला वाटलं, फिटिंग तिथल्या तिथे लावून द्यायचा विचार दिसतो. किती भला माणूस.

भूगोल शिकवण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष उपयोग झाला. मी नकाशा घेऊन बसले आणि श्रीगोंद्याहून खर्ड्याला जायचा कमीत कमी वळणांचा रस्ता शोधला. सरळ रस्त्यावर गाडी छान धावायची. वळण आलं की मी आधीपासून वेग कमी करायचे, हे खाली उतरून हात दाखवून मागची वाहनं थांबवायचे, मी दंडात जोर आणून गाडी वळवायचे आणि हे चालत येऊन परत बसायचे. जामखेडला एका पोलिसानं यांना सलाम केला. यांनीही केला.

खर्ड्याला किल्ल्याच्या अलीकडे डॉक्टरांचं घर. अंगणात लिंबाच्या झाडाखाली आमच्याच गाडीची जुळी बहीण उभी होती, ताडपत्रीखाली, टपावर दोन कोंबड्या. मला भरून आलं आणि लगेच माझी नजर तिच्या बॉनेटवर गेली. डॉक्टर मात्र आमच्याकडे आलेच नाहीत. ते थेट आमच्या गाडीपाशी गेले. म्हैस विकत घ्यायला आल्यासारखी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कुशीवर थाप मारली, वाकून पोटाखाली पाहिलं आणि मला गाडी परत सुरू करायला लावून कान देऊन ऐकलं.

"चालतीय की आजून," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा निराशा होती.

मी म्हटलं, चालते, फक्त वळत नाही.

"काढायचीच म्हनल्यावर वळती काय आन न वळती काय."

मला वाटलं ते त्यांच्या गाडीबद्दल बोलताहेत. मी सहानुभूतीनं म्हटलं, "जीव लागलेला असतो हो डॉक्टर. पण तीन वर्षं उभीच आहे, तर तुम्ही काढून टाकायचं ठरवलंत ते बरंच केलंत."

"मी? मी कशाला काढू?" डॉक्टर म्हणाले. "माजी नीट करायचीय. तुमी काढताय म्हनून तर बोलावलं तुमाला."

मग उलगडा झाला. आमच्या आधी आठ दिवस डॉक्टर त्याच भंगारवाल्याकडे जाऊन आले होते. त्यांनाही त्यानं हेच सांगितलं होतं की गाड्या दोनच, एक तुमची आणि दुसरी श्रीगोंद्याच्या बाईंची. तो खोटं काहीच बोलला नव्हता. पुढचं सगळं आम्ही दोघांनी आपापल्या सोयीनं मनात भरून घेतलं होतं. डॉक्टर माझ्या नंबरासाठी परत नगरला जाणार, तोच माझा फोन आला. बकरी आपणहून दवाखान्यात यावी तसं त्यांना वाटलं असणार.

डॉक्टरांच्या बायको दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. "म्हंजी दोगंबी मागनारंच," त्या म्हणाल्या. "आता आधी जेवा. पोळ्या गार व्हायल्यात."

जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी औषधाचा एक जुना पत्र्याचा डबा आणला. आत कापसावर त्यांचं फिटिंग होतं. तेच. मी माझा चटणीचा डबा काढला. दोन्ही तुकडे खाटेवर शेजारी ठेवले आणि आम्ही चौघं त्यांच्याकडे पाहत बसलो. त्यांच्या तुकड्याचे आटे कोरे करकरीत होते, पण तो गळ्याशी चिरून वाकडा झाला होता. माझ्या तुकड्याचा गळा शाबूत आणि आटे गेलेले.

मग हे म्हणाले, "दोन्ही मिळून एक अख्खं आहे."

दोन महिन्यांत यांनी गाडीबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते बरोबर होतं. आम्ही सगळ्यांनी यांच्याकडे वळून पाहिलं. हे जरा घाबरले.

डॉक्टर उठून उभे राहिले. जनावरांना औषध पाजायची त्यांची एक पितळी पिचकारी होती. तिचं तोंड तुटलं तेव्हा तिसगावच्या एका लेथवाल्यानं ते नुसत्या नमुन्यावरून जसंच्या तसं बनवून दिलं होतं. अख्खा नमुना असेल तर तो काहीही बनवतो, म्हणाले. आणि अख्खा नमुना आता आमच्याकडे होता, फक्त दोन तुकड्यांत.

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडीनं तिसगावला गेलो, डॉक्टर एसटीनं आले. नेमका बाजाराचा दिवस होता. गाडी लेथच्या दुकानापाशी लावून आम्ही डॉक्टरांना आणायला चालत स्टँडवर गेलो. डॉक्टरांची तिथे बरीच वर्षं नोकरी झालेली, त्यामुळे स्टँडपासून लेथच्या दुकानापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. दर चार पावलांवर कुणीतरी एखादी शेळी त्यांच्यापुढे आणून उभी करायचं. डॉक्टर तिचे दात पाहायचे, पापणी उलटून पाहायचे, काहीतरी सांगायचे आणि मग पुढे.

लेथवाला चाळिशीतला, कमी बोलणारा. त्यानं दोन्ही तुकडे उजेडात धरले, मापं घेतली आणि विचारलं, "गाडी कोन चालवतं?"

मी म्हटलं, मी.

त्यानं आपलं स्टूल माझ्याकडे वळवलं आणि त्यानंतर सगळं माझ्याशीच बोलला. स्टिअरिंग जड कधी झालं, आधी आवाज यायचा का, तेल कुठून गळायचं. मी सांगत गेले. दोन महिने जे मला विचारायला कुणी तयार नव्हतं ते मला सगळं नीट माहीत होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. मूळ फिटिंगचा गळाच बारीक आहे, म्हणून तो चिरतो, असं त्याचं मत पडलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जॅक असतो, त्याच्या फिटिंगला वापरतात ते जाड लोखंड तो घेणार होता. आटे डॉक्टरांच्या तुकड्यावरून, लांबी माझ्या तुकड्यावरून.

पहिला तुकडा त्याला पसंत पडला नाही, तो त्यानं कोपऱ्यातल्या ढिगात टाकला. दुपारपर्यंत दुसरा झाला, मग डॉक्टरांसाठी तिसरा. त्यानं स्वतः गाडीखाली जाऊन फिटिंग बसवलं, पंपाचा पट्टा चढवला, तेल भरलं आणि मला म्हणाला, "सावकाश वळवा. हलकं लागंल."

मी मान डोलावली. पण दोन महिने मी वळणाला दंडानं भिडत होते. दंडाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानातून बाहेर पडताना मी सवयीनं उजवीकडे जोर लावला आणि गाडी टोळासारखी उडून वळली. मी दचकून डावीकडे ओढलं, तर ती तेवढ्याच उत्साहानं डावीकडे गेली आणि बाजारासाठी रचलेल्या कडब्याच्या पेंढ्यांत छातीपर्यंत शिरून थांबली. स्टँडवर सोडायला मागच्या सीटवर घेतलेले डॉक्टर आडवे झाले होते. यांनी दोन्ही हातांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. समोर काचेवर नुसता कडबा.

कडबेवाला लांबून चालत आला. त्यानं काचेवरची एक पेंढी उचलली, आत पाहिलं आणि मागे डॉक्टर दिसताच म्हणाला, "डाक्टर, तुमी? बरं झालं आलात. म्हस खात न्हाई परवाधरनं."

लेथवालाही आला. आम्हाला कुणाला लागलं का हे त्यानं विचारलं नाही. त्यानं पेंढ्या बाजूला करून बॉनेट उघडलं, फिटिंगवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं होतं.

"गळत न्हाई," तो म्हणाला. इतका वेळ गंभीर असलेला त्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

डॉक्टरांनी उतरून शेजारीच बांधलेली म्हैस पाहिली. लेथवाला, हे आणि मी अशा तिघांनी मिळून पेंढ्या परत रचल्या, आणि यांनी त्या माझ्याहून नीट रचल्या. परतीच्या वाटेवर पहिल्या काही वळणांना मी नुसत्या दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवलं.

डॉक्टरांची गाडी महिन्याभरानं सुरू झाली. जामखेडच्या मिस्त्रीनं फिटिंग बसवलं, बॅटरी आणि चाकं बदलली. कोंबड्यांना दुसरी जागा दिली. पण फोन डॉक्टरांनी केला नाही, त्यांच्या बायकोनं केला. नोकरीत होते तोवर गाडीच्या पुढच्या सीटवर औषधांची पेटी असायची, म्हणून त्या कायम मागे बसायच्या. आता पेटी नाही. किल्ल्याला वळसा घालून गावाबाहेरपर्यंत जाऊन आलो आणि मी पुढं बसले, म्हणाल्या.

मी विचारलं, कसं वाटलं?

"पुढनं रस्ता लई मोठा दिसतो, बाई."