हद्दीचा नमुना

फेंगदादांना वाटीचा टवका आधी दिसतो, नूडल्स नंतर.

कारखान्याच्या उतारावर एक टपरी आहे. सकाळी आम्ही तिथे ठेंगण्या स्टुलांवर बसून नूडल्स खातो. वाटी समोर आली की दादा ती आधी गोल फिरवून पाहतात.

"हे बघ. कडेला टवका. बदलून आण."

"टवक्यातून नूडल्स सांडत नाहीत, साहेब," टपरीवाली म्हणते.

"प्रश्न सांडण्याचा नाही. दर्जाचा आहे."

ती वाटी बदलते. दुसऱ्या वाटीच्या बुडाला चीर असते, पण ती नूडल्सखाली असते. दादा समाधानाने खातात.

बाजारातही तेच. काकडीला फोड दिसला की ते ती दोन बोटांत धरून भाजीवाल्याला दाखवतात, जणू त्यानेच तो उठवला आहे. गुईफांग वहिनींनी हौसेने उशांचे अभ्रे शिवले, तर दादांनी त्यावर हात फिरवून टाका वाकडा असल्याचं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "झोपताना टाके मोजता का?" दादा म्हणाले, "सवय आहे."

सवय पोटापाण्याची. चोंगछिंग शहराच्या पश्चिमेला लॅपटॉपचे जे कारखाने आहेत, त्यातल्या एकात फेंग छुनशेंग तपासणी विभागाचे प्रमुख आहेत. माल त्यांच्या होकाराशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. आणि एवढी तीक्ष्ण नजर फाटकाच्या आत शिरली की मंदावते. बाहेर टवका न चालणारा माणूस आत काहीही चालवून घेतो. हे मी रोज पाहतो आणि रोज चकित होतो.

मला इथे त्यांनीच चिकटवलं. मी साहित्य शिकलो. जुन्या कवितांवर प्रबंध लिहिला. नोकरी मिळेना. दादा आमच्याच इमारतीत राहतात, जिन्यात भेटायचे. एकदा म्हणाले, "कविराज, सुंदर खोटं लिहिता येतं ना? मग चल."

माझं काम खुलासे लिहिण्याचं. कोणीतरी, कुठल्यातरी देशात, नवा लॅपटॉप खोक्यातून काढतो. त्याची एक कळ दबत नाही, किंवा पडद्यावर कोपऱ्यात एक ठिपका कायमचा जळत असतो, किंवा आत एक सुटा स्क्रू खुळखुळत असतो. तो तक्रार करतो. तक्रार फिरत फिरत माझ्या टेबलावर येते. मी आठ कलमी खुलासा लिहितो. कारण: कामगाराचे अनवधान. उपाय: सदर कामगारास पुनश्च प्रशिक्षण देण्यात आले आहे.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "दादा, सदर कामगार कोण?"

"कोणी नाही."

"मग प्रशिक्षण कुणाला दिलं?"

"त्यालाच."

त्या न जन्मलेल्या माणसाइतकं शिक्षण आमच्या कारखान्यात कोणीच घेतलेलं नाही. तो अजून सुधारत नाही.

आता नमुन्याबद्दल सांगतो. सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

प्रत्येक दोषाला हद्द असते. रंग किती फिका चालेल, फट किती मोठी चालेल, हे गिऱ्हाईक कंपनी आणि कारखाना मिळून ठरवतात. ठरवायचं कसं? एक खराब लॅपटॉप घ्यायचा, चालेल तेवढाच खराब. त्याच्या बुडावर दोन्ही पक्षांनी सही करायची. हा हद्दीचा नमुना. याच्यापेक्षा वाईट असेल तो नापास, याच्याइतका किंवा बरा असेल तो पास. जगात लोक उत्तम वस्तू कपाटात जपून ठेवतात. आम्ही जेमतेम वस्तू जपतो, आणि काळ्या कापडात गुंडाळून.

बिजागरीचा नमुनाही तसाच होता. झाकण किती सैल चालेल, याचा. बिजागरीचा पीळ मोजायचं यंत्र कारखान्यात आहे. ते डब्यात असतं, कारण मोजत बसलं की लाइन थांबते. त्यापेक्षा नमुना बरा. शंका आली की दादा कपाट उघडतात, कापड सोडतात, नमुना आणि नवा लॅपटॉप शेजारी ठेवतात आणि दोन्हींची झाकणं एका बोटाने उचलतात. पाहुणे आले की तेच. नवीन पोरी भरती झाल्या की तेच. कोणी विचारलं नाही तरी तेच. ते बोट उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर देवळातल्या पुजाऱ्याचा भाव येतो.

रंगाचा नमुना नुसता बघायचा असतो. बिजागरीचा उघडावा लागतो. जे रोज उघडलं जातं ते सैल होत जातं. हे कळायला साहित्याची पदवीही पुरते.

मी एकदा म्हणालो, "दादा, हा पूर्वी निम्म्यावर थांबायचा. आता कलंडतो."

"कविराज, माल सैल असतो. नमुना सैल नसतो."

"पण हाही मालच होता ना?"

"सही झाली की तो माल राहत नाही."

लाइनवरचे लॅपटॉप त्या नमुन्याशेजारी दर महिन्याला जास्त चांगले दिसू लागले. नापासांचं प्रमाण घसरलं. वरच्या साहेबांनी दादांचं नाव उपव्यवस्थापकाच्या जागेसाठी पुढे केलं.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला, रुओलानला, हार्बिनला वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. तिला लॅपटॉप हवा होता. तिने दुसऱ्या कंपनीचा एक निवडून ठेवला होता. दादांनी ऐकलं नाही. "बापाच्या कारखान्यातला सोडून लोकांचा? माझी मान खाली घालायची आहे का?" शिछ्याओपूच्या संगणक बाजारात जाऊन त्यांनी आपल्याच लाइनवरचा, खोकं न फोडलेला लॅपटॉप आणला. खोक्याच्या चारी बाजू तपासल्या. खोकं निर्दोष होतं.

प्रवेशाची मेजवानी हॉटेलात झाली. गोल टेबलं, नातेवाईक, आहेराच्या पैशांची लाल पाकिटं. वाफवलेल्या डुकराच्या मांसाची थाळी नुकतीच आली होती. दादा उभे राहिले. त्यांनी खोकं फोडलं, लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"बघा," ते म्हणाले. "चांगल्या लॅपटॉपची खूण. एका बोटाने उघडतो, आणि सोडाल तिथे थांबतो."

त्यांनी बोट लावलं. झाकण उघडलं. बोट काढलं. झाकण थांबलं नाही. सावकाश मागे गेलं, आणि आडवं होऊन त्याची कड थाळीतल्या रश्श्यात टेकली.

मग दादांचे मोठे मेहुणे पेला उंचावून म्हणाले, "छुनशेंग, हा तर माझ्यावर गेलाय. पहिल्या पेल्यातच आडवा."

सगळं टेबल हसलं. रुओलान हसली नाही. तिने हातरुमालाने कड पुसली. बापाकडे पाहिलं. दादा म्हणाले, "टेबल उताराचं आहे."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन एकटी दुकानात गेली. परत घेण्याची मुदत होती, पण दोष आहे असा कंपनीचा शेरा लागतो. दुकानातल्या मुलीने दुरुस्ती केंद्राकडे पाठवलं. केंद्रातल्या माणसाने झाकण हलवून पाहिलं. "सैल आहे," तो म्हणाला. "पण सैल म्हणजे नापास, असं मी म्हणू शकत नाही. कारखान्याला विचारावं लागतं."

कारखान्याला म्हणजे फेंगदादांना.

लॅपटॉप तक्रारीसकट आमच्या विभागात आला. तक्रारदार: फेंग रुओलान. मी तो दादांपुढे ठेवला. त्यांनी नाव वाचलं. दार लावून घेतलं.

तीन शब्दांचा प्रश्न होता. पास की नापास? नापास म्हणावं तर मुलीला नवा लॅपटॉप मिळणार होता. पण मग नमुनाही खोटा ठरला असता. नमुना खोटा तर गोदामात लावलेला सगळा माल थांबला असता, आधी गेलेल्या मालाबद्दल विचारणा झाली असती, आणि उपव्यवस्थापकाची खुर्ची दुसऱ्याच्या बुडाखाली गेली असती. हे सगळं मला कळत होतं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

त्यांनी कपाट उघडलं. काळं कापड सोडलं. दोन्ही शेजारी ठेवले. दोन्ही झाकणं उचलली. नमुना धाडकन पडला. रुओलानचा त्याच्यामागून, जरा सावकाश.

"बघ," दादा म्हणाले. "आपला बरा आहे."

"दादा, दोन्ही पडले."

"आपला नंतर पडला."

"ती तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर नियम मोडता येत नाही. लोक काय म्हणतील?"

त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. स्वतःच्या सचोटीने माणूस इतका हेलावलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. खुलासा मी लिहिला. माननीय ग्राहक, आपल्या लॅपटॉपची काटेकोर तपासणी करण्यात आली असून तो विहित मर्यादेत असल्याचे आढळले आहे. आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत.

लॅपटॉप खुलाशासकट रुओलानला परत मिळाला, त्या संध्याकाळी दादा मला जेवायला घरी घेऊन गेले. एकटं जायचा धीर नव्हता. रुओलानने लॅपटॉप टेबलावर ठेवला होता. झाकण मागे पडू नये म्हणून मागे पाण्याची बाटली लावली होती. झाकणावर तिने पांढऱ्या सशाचं चित्र चिकटवलं होतं. मेजवानीच्या आदल्या दिवशी ते चित्र आणून ठेवलं होतं तिने.

"बाबा, हे झाकण पडतं की नाही?"

"पडतं."

"मग नापास."

"हद्दीत पडतं."

"पडण्याला हद्द असते?"

"प्रत्येक गोष्टीला असते, बाळा. तुला अजून जगाचा अनुभव नाही."

वहिनींनी भाताचं भांडं आपटलं. "या घरात नापास होतो तो फक्त माझा स्वयंपाक."

रुओलानने बाटली काढली. झाकण पडलं. तिने ते पडू दिलं आणि जेवायला बसली. दादांनी तिच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला. तिने तो बाजूला सारला.

"मी तो नीट करवून पाठवतो हार्बिनला," दादा म्हणाले. "शब्द देतो."

ती गेली ती मावशीचा जुना, विटेसारखा जाड लॅपटॉप घेऊन. त्याची बिजागरी इतकी घट्ट होती की झाकण उघडायला दोन्ही हात लागत.

थंडीचं धुकं सुरू झालं तेव्हा गिऱ्हाईक कंपनीचे पांग साहेब पाहणीला आले. दादांनी त्यांना कपाटापाशी नेलं. कापड सोडलं. पुजाऱ्याचा चेहरा केला. बोट लावलं. कडकन आवाज झाला आणि झाकण त्यांच्या हातात आलं. बुडाचा भाग टेबलावर राहिला, दोघांच्या सह्यांसकट.

पांग साहेबांनी झाकणाकडे पाहिलं. मग दादांकडे. आता सगळं बाहेर येणार, असं मला वाटलं.

"जुना झाला होता," पांग साहेब म्हणाले. "नवा नमुना ठरवा. तोवर माल सोडता येणार नाही. आणि मला उद्या परतायचं आहे."

एवढंच. तो का मोडला, हे विचारलं असतं तर त्यांनाही उत्तर द्यावं लागलं असतं. सही त्यांचीही होती.

नवा नमुना म्हणजे चालेल तेवढा खराब लॅपटॉप हवा. घट्ट निवडला तर गोदामातला निम्मा माल नापास. जास्तच सैल निवडला तर पांग साहेबांना बघून न बघितल्यासारखं करणं जड. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पिशवी घेऊन आले. पिशवीत रुओलानचा लॅपटॉप होता.



"हा तपासलेला आहे," ते म्हणाले. "तुझाच खुलासा आहे त्यावर."

"तो दुरुस्त करून पाठवणार होतात."

"दुरुस्त केला तर नमुना कसा होईल?"

त्यांनी नखाने ससा खरवडला. कान निघाले नाहीत. दुपारी पांग साहेबांना हॉटपॉट खायला नेलं. बियर झाली. परत आल्यावर पांग साहेबांनी झाकण उचललं, ते सावकाश पडलं, आणि त्यांनी बुडावर सही केली. शेजारी दादांनी केली. दोघांनी हात मिळवले. संध्याकाळी गोदामाचं दार उघडलं.

हल्ली नवीन पोरी भरती होतात तेव्हा दादा त्यांना तो दाखवतात. परवा एकीने विचारलं, "साहेब, हे कान कसले? मालावर असे चालतात का?" दादा म्हणाले, "कानांकडे बघायचं नाही. ही हद्द आहे, एवढं बघायचं." तिने ते लिहून घेतलं.

नववर्षाच्या सुट्टीआधी रुओलानचा मला फोन आला.

"माझ्या लॅपटॉपचं कुठवर आलं? बाबा नुसते 'होतंय, होतंय' म्हणतात."

मी खरं सांगितलं.

"म्हणजे आता सगळे त्याच्याशी ताडून बघणार?"

"हो."

"आणि त्याच्यासारखे असले की पास?"

"हो."

"सुट्टीला येत नाही म्हणून सांग घरी," ती म्हणाली. "प्रोजेक्ट चांगला चाललाय. मावशीच्या लॅपटॉपवर."

दुसऱ्या दिवशी टपरीवर दादांनी मला मोबाइल दाखवला. तिने एक फोटो पाठवला होता. वसतिगृहातलं टेबल, खिडकीबाहेर बर्फ, आणि तो जाड लॅपटॉप. झाकण निम्मं उघडं, मागे कसलाही टेकू नाही. खाली एकच शब्द लिहिला होता. पास.

मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल.

दादांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ पाहिला.

"कोपऱ्यात ओरखडा आहे," ते म्हणाले, आणि वाटी फिरवून पाहू लागले.