ओढा ओलांडायचा बॅकहँड

फिनलंडहून शिकून आले तेव्हा बॅगेत एक पदवी होती आणि डिस्क गोल्फच्या बारा डिस्क. वाटलं होतं, नेकनूरजवळच्या आमच्या गावात कॉलेजची पोरं रांग लावतील, मी त्यांना शिकवीन, अख्खा तालुका खेळायला लागेल! प्रत्यक्षात पहिल्या दिवशी खुरपणीहून परतणाऱ्या चार बायका आल्या, आणि बांधावर बसून त्यांना हसायला त्यांचे नवरे. तेव्हापासून आमच्या माळावर डिस्क हरवतात आणि किस्से सापडतात. डिस्क सात उरल्यात. किस्से मोजायचे मी सोडून दिलेत.

खेळ सोपा आहे. डिस्क म्हणजे प्लास्टिकची थाळी; ती पालथी धरून फेकत फेकत, साखळ्या लावलेल्या लोखंडी जाळीत टाकायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. आमच्या पहिल्याच जाळीच्या वाटेत ओढा आडवा येतो. एका फेकीत तो कुणीच ओलांडला नव्हता, मीही नाही. पण शेजारच्या सुरेखावहिनींनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "ऊसतोडीला जायच्या आत ह्यो वढा मी वलांडणार!"

*

जाळ्या बनवून घ्यायला मी मांजरसुंब्याच्या एका वेल्डरकडे गेले. नीट चित्र काढून दिलं. आठवड्याने बघते तर प्रत्येक जाळीला छोटं दार आणि वर कडी!

"हे कावून केलं?"

"मग कोंबड्या बाहेर कशा काढताल, म्याडम?"

*

सुरेखावहिनींचे यजमान विष्णूदादा बांधावरचे मुख्य समालोचक. एकदा ओरडले, "ताटल्याच फेकायच्या तर घरात काय कमी हायत का?"

वहिनींनी मान वळवली नाही. "घरातल्या फेकल्या तर तुमाला लागतील!"



*

बॅकहँडमध्ये, म्हणजे हात छातीवरून आडवा आणून केलेल्या फेकीत, थाळीची पुढची कड वर उचलली गेली की ती आभाळात चढते, दमते आणि तिथेच पडते. आमच्या सगळ्यांचं हेच व्हायचं. शेळ्या चारणारे शाहूनाना म्हणाले, "ताई, तुमची थाळी झाडावर बसायला निघती. लांब जायचं तिच्या मनातच न्हाई."

मी डोकं चालवलं. बायकांना सांगितलं, "समजा थाळीत कालवण आहे. सांडू द्यायचं नाही. तशी सपाट धरायची."

चौघींनी शहाण्यासारख्या थाळ्या उलट्या केल्या आणि फेकल्या. चारही थाळ्या चार पावलांवर आपटल्या.

"अहो, उलट्या का धरल्या?"

"म्हंजी? पालथ्या थाळीत कालवण कुठं ऱ्हातंय?"

*

लांब फेकीचं खरं गुपित कंबरेत असतं. आधी वजन पुढच्या पायावर, मग कंबर वळते, हात सगळ्यात शेवटी येतो. हे मी महिनाभर घसा कोरडा करून सांगितलं. फळ्यावर बाण काढले. शेवटी मोबाईलवर स्लो मोशनचा व्हिडिओ दाखवला.

सुरेखावहिनींनी तो एकदाच बघितला. "म्हंजी ऊस तोडल्यावानीच की! नुसत्या हातानं तोडला तर दुपारपतुर खांदा जातो. कंबर आधी, कोयता मागून."

आणि पुढच्याच फेकीत त्या माझ्या पंचवीस पावलं पुढे गेल्या.

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी बाण काढत हुत्या. मधी कसं बोलावं?"

*

शाहूनानांचा कुत्रा मोत्या हा आमचा पंच. एकदा वहिनींची थाळी अशी सुसाट निघाली की आज ओढा पार, अशी सगळ्यांची खात्री झाली. मोत्याने काठावरून उडी मारली, थाळी हवेतच पकडली आणि शेपटी हलवत वहिनींच्या पायाशी आणून ठेवली!

मी डोक्याला हात लावला. "नाना, आता मोजायचं कसं?"

नाना म्हणाले, "मोजायचं काय त्यात? जिथनं गेली तिथंच आली."

*

दसरा झाला आणि तरीही थाळी ओढ्यातच पडत होती. मी वहिनींची फेक पुन्हापुन्हा बघितली. कंबर उत्तम, पकड घट्ट, थाळी छातीजवळून सरळ येते. पण थाळी सुटली रे सुटली की हात खटकन थांबतो. सगळा जोर तिथे मरतो.

"वहिनी, हात पुढे जाऊ द्या ना! अडवता कशाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अवो ताई, फुडं माणूस आसतंय. कोयता लागंल की त्याला!"

मग मी रोज त्यांना समोरचा माळ दाखवायची. "बघा, पुढे कुणी नाही." त्या मान डोलवायच्या, आणि हात थांबायचाच. इतक्या वर्षांची सवय. तिच्याशी मी काय भांडणार?

*

ऊसतोडीची टोळी निघायची आदली संध्याकाळ. भांडीकुंडी बांधून वहिनी माळावर आल्या. त्या गेल्या की बाकीच्या तिघीही जाणार होत्या. सहा महिने मैदान बंद, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

पहिली थाळी ओढ्यात. दुसरी ओढ्यात. सहावीपर्यंत सगळ्या ओढ्यात. हातात शेवटची राहिली.

एवढ्यात विष्णूदादा बांधावरून उठले, ओढा उतरून पलीकडे गेले आणि बरोबर समोर उभे राहिले.

मी किंचाळले, "दादा, बाजूला व्हा! समोर माणूस असला की त्यांचा हात थांबतो!"

"मला म्हाईत हाय," ते तिकडून ओरडले. "तिला सवय मोडायची तर माणूस फुडंच पायजे. फेक गं! कोयता न्हाई हातात."

वहिनींनी पदर खोचला. बराच वेळ समोर बघत राहिल्या. मग कंबर वळली, हात आला, आणि हात थांबलाच नाही. त्या स्वतःच अर्धी गिरकी घेऊन माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या! थाळी ओढ्यावरून गेली, दादांच्या टोपीवरून गेली आणि मागच्या हरभऱ्यात जाऊन पडली.

दादा सावकाश मागे वळले. थाळी उचलली. धोतराला पुसली. मग इकडे बघून म्हणाले,

"सुरेखे, आजून एक टाक. माझं डोळं मिटलं हुतं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर दारात लागला. मी मुकादमाला विचारलं, "टोळीच्या राहायच्या कोप्या पडतात तिथे शंभरेक पावलं मोकळी जागा असते का हो?"

"हाय की. कावून?"

मी माझी बॅग, सातही डिस्कसकट, ट्रॉलीत टाकली.