महिन्याच्या मिस्साला या

आग्नेस वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात कडवे वाल घेत होते. "आत्या, आई गेली," एवढंच रॉबिन, माझा भाचा, म्हणाला. वाल विकणाऱ्या बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवी बांधून हातात दिली. ती पिशवी घेऊनच मी पेणला पोचले. मयताच्या घरात वालाची पिशवी घेऊन शिरणारी नणंद... वहिनीला उठून बसता आलं असतं तर आधी ती पोट धरून हसली असती आणि मग म्हणाली असती, "बरं केलंस गो रोझे, एवढी माणसं जमलीत, भिजत घाल." त्या दिवशी मला नीट रडूही आलं नाही. आता महिना उलटून गेल्यावर येतं, कधीही, कुठेही, आणि त्याचा मला रागच येतो.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. रेवदंड्याकडची. भाऊ लवकर गेला आणि तिनं पोह्याच्या पापडांवर रॉबिनला वाढवलं. आता पेणमध्ये पापड करणाऱ्या बाईचं नाव झालं म्हणजे तिचा हात काय असेल, असं वाटेल. तर तसं मुळीच नाही. वहिनीचा पापड जन्मात कधी गोल झाला नाही. पीठ ती झकास कुटायची, खार-मिरचीचा अंदाज तिचा, गिऱ्हाईक तिनं जोडलेलं, पण लाटायला मात्र शेजारपाजारच्या आणि चर्चच्या बायका. हंगामात तिची पडवी भरलेली असायची. पापड लाटताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळ्यांच्या माना खाली, हात चालू. त्यामुळे त्या पडवीत बायका जे बोलत ते त्या स्वतःच्या घरातही बोलल्या नसत्या. कुणाचा नवरा, कुणाचं दुखणं, कुणाची पळून गेलेली मुलगी. वहिनी म्हणायची, चर्चमध्ये पापं सांगायला जाळी लावलेली असते, त्यापेक्षा माझा पोळपाट बरा. मी इथं प्रायश्चित्त देत नाय, लाट्या वाढवून देते.

पुढचं लिहिताना मी नावं बदलली आहेत, आणि ते चर्च नेमकं कुठलं तेही सांगत नाही. पेणहून रिक्षानं जाता येतं, एवढं पुरे. तिथं मार्था नावाची एक बाई वेदीवरची फुलं मांडायची, अजूनही मांडते. वहिनीची जिवाभावाची मैत्रीण. एका उन्हाळ्यात मार्था आपल्या शाळकरी मुलीला घेऊन पापड लाटायला आली. मध्येच ती पिठासाठी गिरणीवर गेली आणि मुलगी, मान तशीच खाली, लाटणं चालू ठेवून म्हणाली, "मावशी, मला फादरच्या खोलीत साफसफाईला पाठवू नको, असं आईला सांग ना." वहिनीनं का म्हणून विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "नाय पाठवणार." मग थोड्या वेळानं त्या पोरीनं स्वतःहून सांगितलं. काय सांगितलं ते वहिनीनं मलासुद्धा पूर्ण कधी सांगितलं नाही. "त्या पोरीचं हाय ते," म्हणायची, "माझं नाय."

वहिनीनं मार्थाच्या कानावर घातलं. मार्था सरळ फादरकडे गेली, तिला दुसरं कुठे जायचं ठाऊकच नव्हतं. आणि पुढच्या रविवारी फादरनं वेदीवरून प्रवचन दिलं, खोटं बोलून देवाच्या सेवकावर चिखल उडवणाऱ्या मुलींबद्दल. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती, अर्धं चर्च मान वळवून बघत होतं. मुलगी आईच्या शेजारी बसलेली. मार्थानं ते प्रवचन खरं मानलं. वेदीवरून आलेला शब्द तिनं आयुष्यात कधी खोटा मानला नव्हता... मुलीला तिनं रोह्याच्या अलीकडे निडीला तिच्या आत्याकडे नेऊन टाकलं आणि परत कधी त्या गावात पाऊल ठेवलं नाही. वहिनीशीही बोलणं टाकलं. मी मार्थाला शिव्या घालायला लागले की वहिनी मला अडवायची. "ती आई हाय गो. पोरगी खरं बोलली असं तिनं मानलं, तर तिनंच तिला रोज त्या खोलीत पाठवलं हेही मानायला लागेल. कशी मानेल?"

मग वहिनी स्वतःच वर, बिशपांकडे गेली. तेव्हाचे बिशप तिला भेटले, चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं. काही महिन्यांत फादरची बदली झाली. आणि बदली कशी? निरोप समारंभ करून, शाल-श्रीफळ देऊन! आमच्या माणसांचा, कुणाचीही बदली झाली की, हात शालीकडेच जातो. वहिनीला आभाराचं भाषण करायला बोलावलं होतं, ती गेली नाही. तिला वाटलं, निदान गेला तरी. पुष्कळ वर्षांनी कळलं की त्याला दूरच्या एका वसतिगृहावर पाठवलं होतं, तिथं मुलीच होत्या, आणि तिथंही तेच झालं. प्रकरण कोर्टात उभं राहायच्या आत तो मेला. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी वहिनी माझ्याकडे रोह्याला आली, कुंडलिकेच्या काठावर किती तरी वेळ बसून राहिली. "तो मेला," ती म्हणाली, "पण ज्यांना माहीत होतं ते हायत ना. त्यांनी माहीत असून त्याला पोरींकडे पाठवलं, आणि आम्ही नारळ दिला."

तिथून पुढे वहिनीनं जे केलं त्याला आंदोलन वगैरे म्हणायचं मला हसू येतं, कारण ते सगळं पापड लाटता लाटता झालं. तिनं आमच्या माणसांना पडवीत बोलवायला सुरुवात केली. आधी बायका, मग त्यांचे नवरेही. सुरुवातीला जो तो हेच म्हणायचा की आपण इथं आहोत किती, मूठभर, बाहेरच्यांना कळलं तर काय म्हणतील, धर्मगुरूवर बोट उचलायचं नसतं. वहिनी वाद घालायची नाही. हातात लाटणं द्यायची. कंपनीतून शिफ्ट संपवून आलेले दणकट बाप्ये मान खाली घालून लाटत बसायचे, आणि केव्हातरी एखादा हळूच म्हणायचा, "मलाबी तेव्हा काहीतरी कळलं होतं. मी गप बसलो." असं करत करत ती माणसं जमली. त्यांनी बिशपांकडे दोन गोष्टी मागितल्या. ती मुलगी खरं बोलत होती हे सांगा. आणि तुम्हाला माहीत असून त्याची बदली केली हेही सांगा. दोन्ही त्याच वेदीवरून.

ही मागणी मुळात त्या मुलीची. ती आता बाई झाली आहे, निडीतच लग्न होऊन राहते, नवरा भला आहे, दोन पोरं. वहिनी दर महिन्याला गाडीनं तिच्याकडे जायची. एकदा मी बरोबर होते. वहिनीनं तिला विचारलं, तुला काय पाहिजे? ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मला काय नको. मला जिथून खोटी म्हटलं, तिथूनच कुणीतरी खरी म्हणा. दुसऱ्या कुणाचं माझी आई ऐकणार नाय." एवढंच.

त्यानंतर पुष्कळ हेलपाटे झाले. एकदा चौकशीला म्हणून एक तरुण फादर पडवीत आला आणि म्हणाला, "मावशी, मला फक्त ऐकून घ्यायला पाठवलंय." वहिनीनं त्याच्यापुढेही पोळपाट सरकवला. "हात चालू ठेवा फादर, कान आपोआप उघडे राहतात." बिचाऱ्यानं संध्याकाळपर्यंत लाटले. त्याचे पापड वहिनीपेक्षा गोल झाले, हे मी तिला पुढे कितीदा ऐकवलं असेल. पण वरून उत्तर यायचं ते ठरलेलंच, आम्ही प्रार्थना करत आहोत. चर्चमध्ये बायबलचं वाचन करायचं वहिनीचं काम काढून घेतलं. काही घरांनी तिच्याकडचे पापड बंद केले. मी वैतागून म्हटलं, सोड हे चर्च, रोह्याला माझ्याकडे ये. तर म्हणते, "मी कशाला जाऊ? फादर येतात, जातात. मी इथलीच हाय." आणि दर रविवारी पहिल्या बाकावर, धुतलेली साडी नेसून, मोठ्या आवाजात गाणी म्हणायची. सूर तिचा पापडासारखाच होता.

मग दुखणं आलं. यकृताचं, झपाट्यानं वाढणारं. शेवटच्या दिवसांत आताचे बिशप तिला भेटायला घरी आले. मी उशाशी होते. त्यांनी हात डोक्यावर ठेवून प्रार्थना केली, तिनं मनापासून आमेन म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्यासाठी काय करू? वहिनी म्हणाली, "माझ्या मयताला येऊ नका." ते चपापले. "मयताला सगळीच चांगलं बोलतात हो. रडारडीत कुणाला काय ऐकू येत नाय. महिन्याच्या मिस्साला या. तेव्हा माणसं भानावर असतात. मार्थाबी असंल, फुलं मांडायला." निघताना ते दारात थोडे थांबले, एवढंच.

मयताला ते आले नाहीत. महिना भरल्यावर तिच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना झाली, त्या महिन्याच्या मिस्साला आले. चर्च गच्च भरलेलं. प्रवचनाच्या वेळी त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. भूतकाळात काही उणिवा राहून गेल्या असतील, काहींची मनं दुखावली गेली असतील... माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनी असती तर काय केलं असतं, याचा विचार करेपर्यंत मागच्या बाकावरचा एक शिफ्टवाला उठून उभा राहिला. नुसता उभा. मग त्याची बायको. मग पडवीतली सगळी, एकेक करत. मीही उठले, गुडघे दुखत असताना. बिशपांनी वर पाहिलं. मग कागदाची घडी घातली आणि साध्या आवाजात म्हणाले, "या वेदीवरून एका मुलीला खोटी म्हटलं गेलं. ती खरं बोलत होती. आम्हाला ते माहीत होतं. माहीत असून आम्ही त्या माणसाला दुसऱ्या मुलींकडे पाठवलं. हा आमचा अपराध आहे." वहिनीचा फोटो समोर टेबलावर होता आणि मला तिचा इतका राग आला, इतका... महिनाभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं!

मार्था दुसऱ्या बाकावर, कडेला बसली होती. ती रडली नाही. मिस्सा संपली, तिनं रोजच्यासारखी वेदीवरची सुकलेली फुलं काढली, पाणी बदललं, हात पुसले. लोक तिच्या वाटेतून बाजूला होत होते. मी बाहेर रिक्षाची वाट बघत होते तर ती येऊन शेजारी उभी राहिली. इतक्या वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"निडीची गाडी किती वाजता हाय?"

मी तिला रिक्षात घेतलं. पेण स्टेशनवर तिनं तिकीट स्वतः काढलं. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो, नागोठणं गेलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. एकदाच म्हणाली, "आग्नेस जायची ना तिच्याकडं?" मी म्हटलं, "दर महिन्याला." "बरं झालं," ती म्हणाली. मुलीला फोन करून कळवावं का, असं दोनदा मनात आलं. नाही केला. आईनं येतेय म्हणून आधी कळवायचं असतं थोडंच.

निडीला ती उतरली. मला पुढे रोह्याला जायचं होतं. वहिनी असती तर तिच्या मागोमाग उतरली असती, हाताला धरून दारापर्यंत नेलं असतं. मी जागची हलले नाही. ही वाट तिनं एकटीनंच चालायला हवी असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. गाडी सुटली तरी मार्था फलाटावर पदर सारखा करत उभीच होती. इकडे बघ, तिकडे बघ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तिला लेकीचं घरच माहीत नाही. मी खिडकीच्या गजांत तोंड घालून, शाळेत शिकवताना मुलांवर ओरडायचे तशी ओरडले, "उजव्या हाताला, मार्था! हातपंपाच्या पुढं, निळ्या दाराचं!"

तिनं हात वर केला आणि उजवीकडे वळली.